मोहाखालची अंधारी

मोहफुलं वेचायच्या दिवसांत आमच्या गावात ज्याला अंधारी येत नाही असा एक माणूस दाखवा आणि माझी उजवी मिशी कापून न्या. उजाडल्यापासून ऊन चढेपर्यंत कमरेत वाकून फुलं वेचायची, टोपली भरली की ताठ व्हायचं, आणि ताठ झालं की डोळ्यांपुढे काळंकुट्ट. आई बुंध्याला हात टेकून उभी राही. बाबा जागच्या जागी डोलत दहापर्यंत मोजत. कोणाला त्या काळ्यात काजवे दिसत, कोणाला मोहरी तडतडताना दिसे. मला पुढचं दिसे.

हसा. सगळेच हसतात. तेव्हा गडचिरोली ही चांदा जिल्ह्यातली नुसती एक तहसील होती आणि आमचं गाव धानोऱ्याच्या अलीकडे जंगलात असं घुसलेलं होतं की कोंबडा पहाटे आरवला तर त्याची बांग गावाबाहेर पडेपर्यंत दुपार व्हायची. अशा गावात पुढचं दिसून दिसणार काय? पहिल्यांदा दिसलं ते आईचं ताकाचं गाडगं. तीन तुकडे झालेलं, आणि चार कोंबड्या ताकात चोची मारताहेत. मी चौदा वर्षांचा असेन. घरी पळत गेलो, गाडगं उचललं आणि घरामागच्या सांदवाडीत भाताच्या तणसाच्या ढिगात खोल पुरून ठेवलं. आता कोण फोडतं बघू! संध्याकाळी बैलाने तणीस ओढली, गाडगं गडगडत खाली आलं. तीन तुकडे. कोंबड्या मी मोजल्या. तीनच होत्या, म्हणून मी नाचणार, तेवढ्यात शेजारच्यांची चौथी कुडावरून उडून आली.

मग नाकेदार. जंगलखात्याचा हा शिपाई गावात आला की कुत्रीसुद्धा शेपटीने सलाम ठोकत. एका सकाळी अंधारीत तो मला गावतळ्यात, आमच्या बोडीत, गळ्यापर्यंत बसलेला दिसला, टोपी पाण्यावर तरंगत होती. मला दया आली. मी त्याला गाठून म्हटलं, "साहेब, आज बोडीच्या पाळीवरून जाऊ नका." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मांजर झाकलेल्या दुधाकडे पाहतं. म्हणाला, "काऊन बे? तिकडं काय लपवून ठेवलं तू? सागाच्या बल्ल्या?" आणि सरळ पाळीवर चढला. पुढचं सांगायला नको. मला मात्र दोन कानाखाली मिळाल्या. पैकी एक मला आधी दिसली नव्हती.

तर गोष्ट अशी, की जे दिसे ते होई, आणि मी मध्ये हात घातला तर माझ्या हातानेच होई. पण हे गावाला पटवणार कोण? माझं तोंडच बदनाम. वाघाच्या मिशीने मी चप्पल शिवली, वैनगंगेच्या पुरात मगरीवर बसून वडशाला तांदूळ पोचवला, असल्या गोष्टी चावडीवर मी रोज सांगत असे आणि लोक मांडी घालून ऐकत असत. खोटं बोललो की बिडी मिळायची. खरं बोललो की, "आज जमलं नाई गा तुले," म्हणून लोक उठून जायचे.

मी एकोणीस वर्षांचा होतो तेव्हाची गोष्ट. माझी धाकटी बहीण सतराची. तिची सोयरीक धानोऱ्याच्या पलीकडच्या एका गावात जमली होती, मोहाचा हंगाम आटपला की वैशाखात लग्न. मुलगा येऊन जेवून गेला होता. त्याच्या पानात तिने मुद्दाम तिखटाचा ठेचा जास्त वाढला, आणि तो डोळ्यांतून पाणी काढत शेवटपर्यंत जेवला. तो गेल्यावर ती म्हणाली, "चालते. ऐकणारा आहे."

हंगामाच्या पहिल्याच सकाळी आम्ही दोघं काकाच्या झाडाखाली मदतीला गेलो होतो. टोपली भरली, मी ताठ झालो, काळं आलं. आणि काळ्यात ती दिसली.

जमीन काळीभोर, जळलेली. तिच्यावर पिवळी मोहफुलं सांडलेली. एक नवीकोरी टोपली पालथी पडली आहे. बहीण गुडघ्यावर आहे, अंगावर हिरवं लुगडं, दोन्ही हात तोंडावर, आणि बोटांमधून लाल. तिच्यासमोर अस्वल दोन पायांवर उभं, पाठ माझ्याकडे. बस. काळं गेलं. समोर बहीण ठणठणीत उभी होती आणि दातांत काडी धरून माझ्याकडे पाहत होती.

"काय झालं गा भाऊ? तोंड काऊन असं, कुनैन खाल्ल्यावानी?"

मी तिला सांगितलं. तिथल्या तिथे, सगळं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

"परवा मगरीवर बसला होता. आता मले अस्वलाच्या पुढे बसवते. लगन होऊ दे ना बापा माझं, मग खाऊ घाल कोणालेही."

घरी सांगितलं. आई देवाला नारळ बोलली आणि भाकरी थापत राहिली. बाबांनी कोपऱ्यातल्या ताकाच्या गाडग्याकडे पाहिलं. गाडग्याची गोष्ट त्यांना आठवत असावी. मग म्हणाले, "मोह वेचायले गेल्यावर अस्वल भेटतेच. माह्या बापाले भेटलं, मले दोनदा भेटलं. म्हणून वेचणं सोडलं का आपण? पावसाळ्यात काय खाशीन, गोटे?"

बरोबर होतं त्यांचं. मोह म्हणजे आमचं पावसाळ्याचं पोट. एक माणूस घरी बसवला की दोन महिने एक ताट अर्धं. आणि अस्वलालाही ते ठाऊक, त्यालाही तीच फुलं हवीत. अस्वलाच्या भीतीने पोरीला घरी बसवलं असं सोयऱ्यांच्या कानी गेलं असतं, तर ते लोक म्हणाले असते, पोरीत काही खोट आहे.

मग मी म्हटलं, ठीक. चित्र आहे ना? चित्राला तुकडे असतात. एक तुकडा काढून टाकला की चित्र कसं जुळेल?

पहिला तुकडा, काळी जमीन. आमच्याकडे फुलं गळायच्या आधी मोहाखालचा पालापाचोळा जाळतात, म्हणजे साफ काळ्या जमिनीवर पिवळं फूल लांबून दिसतं. आमच्या झाडाखालचा जाळायचा राहिला होता. मी जाळूच दिला नाही. झाडू घेतला आणि झाडाखालचा पाला झाडून काढला, तीन दिवस, एक मोठा मोह, जो चार माणसांच्या कवेत मावत नसे (बरं, तीन माणसांच्या). गाव बघायला आलं. काकू म्हणाली, "अव माय, याले झालं काय! जंगल झाडून राह्यला. उद्या डोंगराले पोतेरं घालशीन का गा?"

दुसरा तुकडा, नवी टोपली. आईने हंगामासाठी बुरडाकडून एक आणली होती. मी ती काकूला देऊन टाकली, म्हटलं, तुझी फाटली आहे. तिसरा, हिरवं लुगडं. बहिणीची वेचायला जायची दोनच लुगडी, एक हिरवं, एक तांबडं. हिरवं मी छपरात कवेलूंखाली खोचलं. दोन दिवस ती ते शोधत होती. "भूत घेऊन गेलं असंन," मी म्हटलं. "भुताले शोभंन का हिरवं?" ती म्हणाली.

चौथा तुकडा मला सगळ्यांत पक्का वाटत होता. चित्रात मी नव्हतो. ती होती, अस्वल होतं, मी कुठेच नव्हतो. याचा अर्थ लहान पोराला कळेल असा होता: तिच्यावर वेळ येईल ती मी नसताना. म्हणजे मी तिला सोडायचंच नाही. मी तिच्याबरोबर जाऊ लागलो, उजव्या हातात कुऱ्हाड, डाव्या हातात बडवायला पत्र्याचा डबा. वेचत नसे. वाकतही नसे, न जाणो आणखी काही दिसायचं. नुसता उभा. ती वाकून वेचायची आणि मान वर न करता बोलायची.

"राजे उभे आहेत. प्रजा वेचून राह्यली."

"वेच तू."

"तिकडच्या गावीही येशीन का असा? नवरा कामाले गेला की हा डबा घेऊन उभा."

"येईन."

"मग त्याले सांगून ठेवते मी. एक मोठा पाट करून ठेव म्हणते तुझ्यासाठी."

आठ दिवस गेले. मला वाटायला लागलं, जमलं. मी तेव्हा पुन्हा चावडीवर थापा मारायला लागलो, इतका सुटलो.

नवव्या दिवशी दुपारी पलीकडच्या टेकडीवरून वणवा उतरला. कोणीतरी दूरच्या मोहाखाली पाला जाळला होता, वारा फिरला. आम्ही फांद्या घेऊन धावलो, बडवून बडवून विझवला, गावाला काही झालं नाही. पण मी झाडून काढलेला पाला मीच झाडाभोवती गोल ढीग करून ठेवला होता. त्याने पेट घेतला आणि आग आत सरकत गेली, झाडाखाली जी बारीकसारीक काडी उरली होती ती खाऊन शांत झाली. मोह वाचला. त्याच्याखालची जमीन मात्र काळीभोर. गाव म्हणालं, चला, बिनकष्टाचं साफ झालं.

पहिला तुकडा जागेवर बसला. पण टोपली नव्हती, लुगडं नव्हतं, आणि मी होतो.

दुसऱ्याच दिवशी काकू दारात आली. तिची सून माहेराहून दोन टोपल्या घेऊन आली होती. "तुझ्या पोराचं मन मोठं आहे बाई, पण तुमचीच तुमच्या घरी असू दे," म्हणत तिने नवी टोपली आईच्या हातात ठेवली. मी ती टोपली फोडायला निघालो तर बाबांनी माझा हात धरला. जोरात धरला नाही. "बस झालं," एवढंच म्हणाले. त्या दोन शब्दांत त्यांनाही भीती वाटत होती हे मला कळलं, आणि माझी आणखी वाढली.

लुगडं सापडलं ते माकडांमुळे. छपरावर माकडांची टोळी उतरली, कवेलू इकडचे तिकडे केले, आणि एक हुप्प्या हिरवं लुगडं ओढत कुडावर येऊन बसला. सगळी गल्ली जमली. बहिणीने दगड मारून ते सोडवलं, माझ्याकडे पाहिलं. हसली नाही.

त्या संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली. "भाऊ, खरं सांग. तुले खरंच दिसलं?"

"दिसलं."

"हेच लुगडं?"

"हेच."

ती जरा वेळ पदराचा काठ बोटांत फिरवत राहिली. मग म्हणाली, "तांबडं धुतलं आहे, वाळलं नाई. उद्या सकाळी ओलं नेसीन. जाईन तर ओलं नेसून जाईन."

मला रडू यायचंच बाकी राहिलं. म्हटलं, सुटलो.

सकाळी तांबडं लुगडं दोरीवर नव्हतं. खाली गाईच्या तोंडात होतं, अर्धं चघळून झालेलं. बहीण हिरवं नेसून बाहेर आली. मी आईला म्हटलं, आज हिला ठेव. आईने तोंड उघडलं, पण बहीणच म्हणाली, "आज सगळ्यांत जास्त गळलं असंन. काल हवा गरम होती. घरी बसून काय, रोज तेच भेव? चाल, तू आहेस ना?"

तू आहेस ना. मी होतो. म्हणून गेलो.

त्या सकाळी मोह असा गळला होता की काळी जमीन दिसेना. ऊन नुकतं फांद्यांत आलं होतं. मी चहूकडे फिरून पाहिलं, डबा बडवला, ओरडलो, दगड फेकले. एक साळुंकीसुद्धा उरली नाही. तिने नव्या टोपलीत वेचायला सुरुवात केली. एक टोपली भरली, पोत्यात ओतली. दुसरी भरली. आणि ओढ्याच्या बाजूने गावची गुरं येताना दिसली. गुरं एकदा मोहाखाली शिरली की पाच मिनिटांत सगळं साफ करतात.

"अगा भाऊ, हात लाव ना!" ती म्हणाली. "मुरतीवानी काय उभा आहेस, सगळं ढोरं खातीन!"

मी कुऱ्हाड आणि डबा पायाशी ठेवला आणि वाकलो. दहा-बारा दिवसांत पहिल्यांदा. दोन्ही हातांनी भराभर ओढत होतो. माझ्या मागे गुरं होती, समोर ती, दहा-बारा हात अंतरावर, आणि आमच्या दोघांच्या मध्ये, एका अंगाला, करवंदाची जाळी. त्या जाळीत कोणीतरी फुंकर मारावी तसा आवाज झाला.

मी एकदम ताठ झालो.

काळं.

किती वेळ? बाबा दहा मोजायचे तेवढा. मी मोजले नाहीत. काळ्यात मला चित्र दिसलं, तेच, काळी जमीन, पालथी टोपली, हिरवं लुगडं, अस्वलाची पाठ. तिची किंकाळी मी काळ्यातच ऐकली. मग काळं गेलं आणि चित्र गेलं नाही.

त्या क्षणी मला कळलं की मी चित्रात का नव्हतो. ते मी जिथे उभा होतो तिथूनच पाहिलेलं होतं. माणूस जे पाहतो त्यात तो स्वतः कसा दिसेल? इतके दिवस मी तिच्या शेजारी उभा होतो ते तिला वाचवायला म्हणून, आणि ते चित्र माझ्या तिथे उभं राहण्याचीच वाट पाहत होतं.

यापुढचं मी चावडीवर पन्नास वर्षं सांगत आलो आहे. कधी मी अस्वलाचा कान उपटतो, कधी त्याला कुऱ्हाडीने दोन फाकी करतो, एकदा तर मी त्याच्याशी गोंडीत बोललो. लिहिताना मात्र खोटं हात अडवतं. मी कुऱ्हाड उचलली पण फेकली नाही, तिला लागेल म्हणून. डबा उचलला आणि वेड्यासारखा बडवला आणि ओरडत पुढे धावलो. अस्वलाने वळून माझ्याकडे पाहिलं. त्याच्या पायांशी त्याचं पिल्लू होतं. मग त्याला वाटलं म्हणून ते गेलं. माझ्यामुळे गेलं की नाही, मला माहीत नाही.

गुरं तोपर्यंत झाडाखाली शिरली होती आणि आमच्याभोवती शांतपणे फुलं खात होती.

खाट उलटी करून तिची डोली केली आणि गावकऱ्यांनी पाळीपाळीने खांदा देत गडचिरोलीच्या दवाखान्यात नेली. मी सगळी वाट खांदा सोडला नाही, हे थाप नाही, उजवा खांदा अजून खाली आहे. डॉक्टरने तिचा गाल शिवला. डावा डोळा राहिला नाही. नवव्या दिवशी ती पहिल्यांदा नीट बोलली, ओठ हलवता येईल तेवढं.

"तू खरं बोलला होता."

मी मान हलवली.

"मग पुढचं सांग." तिचा एक डोळा माझ्यावर होता. "तो येते का?"

मला काही दिसलं नव्हतं. त्या दिवसानंतर मी वाकलोच नव्हतो. खाली पडलेली बिडी उचलायची तर बसून उचलत होतो. मी जन्मभर थापा मारल्या, पण त्या सगळ्या बिडीसाठी. ही पहिली, जी बिडीसाठी नव्हती.

"येते," मी म्हटलं.

"दिसलं?"

"दिसलं."

तिने डोळा मिटला. मी बाहेर आलो आणि दवाखान्याच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. आता काय करू? खरं दिसलेलं मला थांबवता आलं नव्हतं, आणि न दिसलेलं मी घडवायला निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या गावी पोचलो, चालत. अंगणात त्याचा बाप होता. मी सगळं सांगितलं, डोळ्याचंही. बापाने ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि म्हणाला, "पाहू." आमच्याकडे सोयरा 'पाहू' म्हणाला की लोक बस्ता परत करतात. मुलगा आत कुऱ्हाडीचा दांडा तासत बसला होता. मी जाताना त्याच्याकडे पाहिलं. त्याने तासणं थांबवलं नाही. परतीच्या वाटेवर मी तीन वेळा कारण नसताना वाकून झटक्यात उभा राहिलो. काळं आलं. रिकामं. नुसते काजवे, बाकीच्या लोकांसारखे.

बहिणीला घरी आणलं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती अंगणात बसून चिंच फोडत होती, पदर डाव्या बाजूने ओढलेला. मी कुडाची काठी बांधत होतो. तो फाटकाशी येऊन उभा राहिला. एकटा, पायी, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेलं. बापाला सांगून आला होता की न सांगता, विचारायची माझी हिंमत झाली नाही.

बहिणीने त्याला पाहिलं. हात थांबला. मग तिने पदर मागे टाकला, सगळा, आणि तोंड त्याच्याकडे केलं.

"पाहून घे नीट," ती म्हणाली. "अर्धं पाहून हो म्हणशीन आन् मग घरी जाऊन रडशीन, ते नाई चालणार. नाई म्हणायचं असंन तर पाणी पेऊन जाय, उन्हाचा आला."

तो पाहत राहिला. माझ्या हातातली दोरी मी इतकी आवळली की काठी मोडली. त्याने घाम पुसला.

"दुखते का अजून?" त्याने विचारलं.

"हसली की दुखते."

"मग कमी हसवीन." तो आत आला, तिच्यासमोर उकिडवा बसला, जवळचा एक गोटा ओढला आणि चिंच फोडायला लागला.

ती थोडा वेळ त्याच्या हातांकडे पाहत राहिली.

"चिचोके बाजूले टाक," ती म्हणाली. "तेही सांगावं लागते का?"